सांडू देण्याचे शास्त्र



ज्या सद्गृहस्थांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची उभी हयात सरकारी बाष्पक-तपासनीसाच्या नोकरीत गेली, आणि गिरणीच्या आवारात पाऊल ठेवल्यावर मालकाच्या दिवाणखान्याकडे न वळता ते प्रथम बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हकडे जात, अशी त्यांची ख्याती होती. तेव्हा त्यांच्या नावाने बोलावयाचे तर झडपेवरच बोलावे, हे मला उचित वाटले. परंतु वाफेच्या झडपेवर या व्यासपीठावरून पूर्वी अधिकारी पुरुषांनी बोलून ठेवले असल्यामुळे, मी जी झडप निवडली आहे ती विस्तवाशी नव्हे, तर पराकाष्ठेच्या थंडीशी संबंध ठेवणारी आहे. रुग्णालयांतील एमआरआय यंत्राच्या पोटात द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवलेला जो चुंबक असतो, तो कारखान्यातून रुग्णालयापर्यंत जहाजाने, विमानाने अथवा मालमोटारीने येत असता त्याचे, आणि त्याच्या आसपास वावरणाऱ्या माणसांचे रक्षण करणारी ही झडप आहे.

वाफेच्या झडपेचा जन्म स्वयंपाकाच्या भांड्यावर झाला. दनी पापँ नावाच्या फ्रेंच वैद्याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडेदेखील मऊ शिजविणारे आपले बंद भांडे ठेवले, आणि ते फुटू नये म्हणून वजन टांगलेल्या दांडीने दाबून धरलेली झडप त्याला बसविण्याची युक्ती त्याने काढली. पुढे वाफेची यंत्रे वाढली तशी या झडपेविषयी एक चमत्कारिक वैरभावही वाढला, कारण ती फुसफुसते आणि तिच्यातून डोळ्यांदेखत शक्ती वाया जाताना दिसते. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना प्रांतात १८३१ साली 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नावाच्या आगगाडीच्या इंजिनावरील कोळसेवाल्याने त्या फुत्काराला त्रासून झडप दाबून धरली, आणि बॉयलर फुटून तो प्राणास मुकला, असा वृत्तान्त आहे. अशा प्रसंगांचा बोध घेऊन जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका स्प्रिंगने बांधलेल्या जुळ्या झडपा तयार केल्या. त्यांपैकी एक दाबावयास जावे तर दुसरी उघडे, यास्तव चालकाला तिच्याशी लबाडी करता येत नसे. माणसाच्या स्वभावाचा इतका अचूक अंदाज करून घडविलेली यंत्रे थोडीच असतील.

तथापि वाफेच्या बाबतीत तपासनीसाच्या हाती एक शेवटचा उपाय असतो: विस्तव ओढून काढणे. भट्टी विझली की संकट ओसरू लागते. अतिशीत द्रवाच्या भांड्याला हा उपाय नाही. द्रव हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ४.२ अंशांवर उकळते. अशा पदार्थाच्या दृष्टीने या सभागृहाची हवा, ही खुर्ची, मी, आपण, किंबहुना ध्रुवप्रदेशातील बर्फसुद्धा धगधगती भट्टीच होय. ही भट्टी विझविणे कोणाच्याही हाती नाही, तिच्यावर पडदे घालणे तेवढे शक्य आहे. माझ्या आजच्या प्रतिपादनाचा सारा भार याच गोष्टीवर आहे. ज्याच्याभोवती अखंड अग्नी आहे त्याला बंदिस्त करणे म्हणजे स्फोटाची तजवीज करणे. त्याला थोडे थोडे, मोजून, शिस्तीने सांडू द्यावयाचे, आणि ते सांडणे कोणत्या वाटेने, कोणत्या दाबाला आणि किती वेगाने व्हावे हे आधी ठरवून ठेवावयाचे, एवढेच माणसाच्या हाती आहे.

हेलियमच्या इतिहासात आपल्या मुलखाचाही थोडा वाटा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला, आणि हर्शेल घराण्यातील एक लष्करी अधिकारी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या प्रकाशात दिसलेली एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही, हा निर्णय पुढे इंग्लंडात नॉर्मन लॉकियर या खगोलशास्त्रज्ञाने केला. कोकणात विजयदुर्गाच्या किल्ल्यावर साहेबाचा कट्टा दाखवितात आणि लॉकियर तेथे बसून हेलियम पाहत होता असे सांगतात. त्या अभिमानाला मी हात लावू इच्छित नाही, परंतु लॉकियरने आपला महत्त्वाचा वेध त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहणावाचून, इंग्लंडातच घेतला, ही गोष्ट दप्तरी नमूद आहे. पृथ्वीवर हा वायू रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाला १८९५ साली गवसला, आणि १० जुलै १९०८ रोजी हॉलंडातील लायडन येथे कामरलिंग ओनेस या पदार्थविज्ञानवेत्त्याने त्याचा द्रव केला. त्यानंतर तीनच वर्षांनी त्या थंडीत पाऱ्याचा विद्युत्‌रोध अकस्मात नाहीसा होतो असे त्याला आढळले, आणि अतिसंवाहकतेचे दालन उघडले.

एमआरआयचा चुंबक या दालनातलाच. नायोबियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या तारेची मैलोगणती वेटोळी द्रव हेलियमच्या टाकीत ठेवलेली असतात. टाकीभोवती निर्वात पोकळी, पोकळीत चकचकीत पापुद्र्यांचे थरावर थर आणि उष्णता अडविणारी धातूची ढाल, अशी ही रचना असते. प्रचलित चुंबकांत पंधराशे ते दोन हजार लिटर हेलियम मावते. प्रवासात या वेटोळ्यांतून विद्युत्‌प्रवाह वाहत नसतो, म्हणून वाटेत हा चुंबक लोखंडाचे तुकडे ओढून घेत येतो ही कल्पना निराधार आहे. जहाजावर अथवा विमानात त्याच्यापासून जे भय आहे ते चुंबकाचे नाही, हेलियमचे आहे.

मग हेलियम काढून टाकून चुंबक कोमट आणावा, असे कोणी विचारील. तसे करतातही. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेने आपल्या महाप्रवेगकासाठी १२३२ द्विध्रुवी चुंबक, प्रत्येकी पंधरा मीटर लांब आणि पस्तीस टन वजनाचे, भुयारात उतरविले ते कोमट स्थितीतच. २०१३ साली अमेरिकेत ब्रुकहेवन प्रयोगशाळेतून फर्मिलॅब प्रयोगशाळेला समुद्रमार्गे आणि नदीमार्गे नेलेले सुमारे पंधरा मीटर व्यासाचे चुंबकाचे कडेही कोमटच होते. परंतु तेथे पोचल्यावर थंड करावयाचा सरंजाम आणि माणसे दोन्ही सिद्ध होती. तालुक्याच्या गावच्या इस्पितळात कित्येक टनांचा पिंड तपमानाच्या तीनशे अंशांच्या पायऱ्या उतरवून खाली न्यावयाचा, म्हणजे कित्येक दिवसांचे काम आणि द्रव नायट्रोजन व हेलियम यांचा मोठा खर्च. त्यापेक्षा कारखान्यात थंड करून, पारखून, थंडच पाठविणे सोयीचे पडते. या सोयीची किंमत प्रवासात चुकवावी लागते.

ती किंमत किती, ते पाहा. एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ करावयास जेवढी उष्णता लागते तेवढ्या उष्णतेत आठशेहून अधिक लिटर द्रव हेलियम वायुरूप होऊन जाते. केवळ एक वॉट उष्णता आत झिरपली तर ताशी जवळजवळ दीड लिटर हेलियम खर्ची पडते. रुग्णालयात चुंबकाच्या डोक्यावरील शीतयंत्र ही झीज भरून काढते, आणि उत्पादक आपल्या पत्रकांत 'शून्य बाष्पीभवन' असे ठळक अक्षरांत छापतात. ते खोटे नसते, परंतु वीज आणि शीतयंत्र चालू असेतोपर्यंतच खरे असते. गोदीत उभ्या असलेल्या पेटीला वीज नाही, आणि बंद पडलेले शीतयंत्र तर स्वतःच उष्णता आत आणणारा एक जाड धातूचा दांडा बनते. म्हणून चुंबकाच्या प्रवासाला मुदत असते, काही आठवड्यांची, आणि जकातीच्या कचेरीत कागद अडला की त्या मुदतीतला प्रत्येक दिवस हेलियमच्या रूपाने हवेत जातो.

आता झडप. द्रव हेलियमचा एक लिटर खोलीच्या तपमानाला येईतो साडेसातशे लिटर वायू होतो. तो लिटरभर द्रव लिटरभर जागेतच कोंडून कोमट होऊ दिला तर दाब वातावरणाच्या सातशे-आठशे पटींहूनही वर जाईल, आणि एवढा दाब सोसणारी टाकी कोणी बांधीत नाही. म्हणून टाकीच्या मानेपासून निघणाऱ्या वाटेवर एक लहान, स्प्रिंगची, किंचित जास्त दाबाला उघडणारी आणि दाब उतरताच पुन्हा मिटणारी झडप असते. रोजची झीज तिच्यातून बाहेर जाते. तिच्याखेरीज दुसरी, मोठ्या तोंडाची सोय असते, बहुधा ठरावीक दाबाला फुटणारी पातळ चकती, आणि ती अकस्मात येणाऱ्या महापुरासाठी राखलेली असते. आपल्या घरच्या प्रेशर कुकरवर शिट्टी असताना झाकणात वितळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा का ठेवतात, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे तिला ही द्विविध योजना समजावून सांगावयास नको. जाणकार यात एका गोष्टीची भर घालतात, ती अशी की दोन बंद तोट्यांच्या मध्ये नळीचा जो तुकडा उरतो, ज्यात चुकून थोडे द्रव अडकू शकते, त्यालादेखील स्वतःची सुटकेची वाट पाहिजे. टाकीचा बंदोबस्त चोख असून हातभर नळी फुटावी, असे घडू शकते.

बाहेर जाणाऱ्या वाफेची थंडी तशी फुकट जात नाही. उणे २६९ अंशांची वाफ नेहमीच्या तपमानाला येईपर्यंत जी उष्णता शोषते ती तिच्या बाष्पीभवनाला लागलेल्या उष्णतेच्या सत्तरपटीहून अधिक असते. म्हणून शहाणा अभियंता तिला सरळ बाहेर न सोडता मानेच्या भिंतींना आणि ढालीला स्पर्श करीत काढतो, जेणेकरून ती बाहेर पडता पडता आत येणाऱ्या उष्णतेला वाटेतच गाठते. झडपेच्या तोंडाशी दिसणारे हिम पाहून हमालाने वा कारकुनाने घाबरून जाऊ नये, ते यंत्र ठीक चालल्याचे लक्षण आहे. झडप 'गळते' म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावण्याची सेवावृत्ती मात्र कोणी दाखवू नये. चार्ल्सटनच्या त्या कोळसेवाल्याचे वंशज सर्व देशांत आहेत.

झडपेचे दुसरे कर्तव्य तितकेच गंभीर आहे, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आतले बाहेर जाऊ देणे हे तिचे काम खरे, पण बाहेरचे आत येऊ न देणे हेही तिचेच काम. द्रव हेलियमच्या तपमानाला हेलियमखेरीज सृष्टीतला प्रत्येक पदार्थ गोठलेला असतो. नायट्रोजन उणे २१० अंशांना, ऑक्सिजन उणे २१९ अंशांना गोठतो, हायड्रोजनसुद्धा तोवर घन झालेला असतो. टाकीच्या मानेतून हवेचा आणि तिच्यातल्या दमटपणाचा ओघ आत शिरला, तर त्याचा बर्फ होऊन मानेतच बूच बसते. मग वरची झडप कितीही निर्दोष असो, तिच्यापर्यंत दाब पोचतच नाही. ज्या वाटेवर पहारा ठेवला ती वाट पहाऱ्याच्या आधीच बुजलेली असते, आणि टाकीतला दाब निमूटपणे वाढत राहतो. अतिशीत कामांतील पुष्कळ अपघातांच्या मुळाशी असे बर्फाचे बूच असते. यास्तव मिटताना घट्ट न मिटणारी झडप ही न उघडणाऱ्या झडपेइतकीच दोषी मानली पाहिजे, असे माझे मत आहे.

या दोन कर्तव्यांचा खरा पेच प्रवासातच पडतो, कारण प्रवासात बाहेरचा दाब एकसारखा राहत नाही. साधी स्प्रिंगची झडप आतल्या आणि बाहेरच्या दाबांतला फरक जाणते, प्रत्यक्ष दाब जाणत नाही. न्हावाशेव्याच्या बंदरावर उतरलेला चुंबक मालमोटारीवर चढवून बोरघाटाने पुण्यास न्यावयाचा, तर सहा-साडेसहाशे मीटर चढताना बाहेरचा दाब शेकडा सहा-सातने उतरतो. झडप बाहेरचा कल पाहून उघडते, आतला दाबही तितकाच उतरतो, आणि दाब उतरला की हेलियमचा उत्कलनबिंदू खाली सरकतो. नव्या उत्कलनबिंदूपर्यंत थंड होण्यासाठी ते द्रव आपलाच काही भाग उकळून टाकते. माझ्या हिशेबाने केवळ घाट चढण्यात शेकडा दीडच्या आसपास हेलियम जाते. घाटात हे नुकसान सोसवते. विमानाची गोष्ट वेगळी आहे. उंच उडणाऱ्या विमानाच्या मालकोठीत हवा भरलेली असली तरी तिचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशाजवळ असतो. त्या दाबाला हेलियम ३.९ केल्विनच्या सुमारास उकळते, आणि तेथवर उतरण्यासाठी शेकडा पाच-सहा भाग खर्ची पडतो. सतराशे लिटरांच्या टाकीतून विमान चढत असतानाच शंभर लिटरांच्या आसपास द्रव, म्हणजे पाऊणशे घनमीटर वायू, बंद कोठीत सुटतो. हेलियम विषारी नाही, ज्वालाग्राहीही नाही, परंतु ज्या हवेत ते शिरते तेथील ऑक्सिजनचे प्रमाण कमी करते, आणि श्वास कोंडण्यापूर्वी माणसाला कसलीही सूचना मिळत नाही.

इतके होऊन भागत नाही. विमान उतरू लागते, बाहेरचा दाब पुन्हा वाढतो, पण आतले द्रव नव्या थंडीला स्थिरावलेले असल्यामुळे आतला दाब कित्येक तास बाहेरच्यापेक्षा कमीच राहतो. टाकीला आता उच्छ्वास नको, श्वास हवा असतो. झडपेची बैठक जरा झिजलेली असेल, एखादी कडी सैल असेल, तर धावपट्टीवरची दमट हवा आत ओढली जाते, आणि मघा वर्णिलेले बूच तयार होते. पोचल्या ठिकाणी तो दोष उघडकीस येईलच असेही नाही.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा मला या संपूर्ण विषयात सर्वांत देखणा वाटतो. हवाई प्रवासापुरती टाकीच्या वाटेवर अशी झडप बसवावयाची, की जी फरकाचा नव्हे, निरपेक्ष दाबाचा हुकूम मानते. तिच्या पोटात हवा काढून बंद केलेली, घड्यांची लवचीक डबी असते, अनेरॉइड वायुभारमापकात असते तशीच. डबीच्या आतील निर्वात ही तिची मोजपट्टी. विमान वर जावो की खाली येवो, ही झडप आतला दाब समुद्रसपाटीच्या दाबाहून किंचित वर धरून ठेवते आणि आतल्या द्रवाला आपण भूतलावरून हललो याचा पत्ताच लागू देत नाही. चढताना शेकडा पाच-सहाचा तो लोंढा सुटत नाही, उतरताना हवा ओढली जात नाही, केवळ रोजची झीज तेवढी बाहेर पडते. अर्थात याचा एक परिणाम अभियंत्याला पत्करावा लागतो: उंचीवर टाकीच्या आतला दाब कोठीतल्या दाबाहून पाव-तृतीयांश वातावरणाने अधिक राहतो, आणि टाकीने तो सोसला पाहिजे. म्हणून या नाजूक झडपेच्या पाठीशी जुन्या पठडीची, फरकावर उघडणारी मोठी झडप आणि फुटणारी चकती कायमच ठेवतात. डबीला चीर गेली, तिच्यात हवा शिरली आणि ती उघडेनाशी झाली, तरी टाकी निराधार होऊ नये, हा हेतू. रक्षकाच्या चुकीचीही तरतूद आधी करून ठेवावी लागते.

मोठी वाट किती मोठी असावी, हा प्रश्न सोपा वाटतो आणि नाही. सर्वांत वाईट कल्पिता येणारा प्रसंग म्हणजे निर्वात पोकळीला भोक पडून हवा आत घुसणे. धक्का बसला, फोर्कलिफ्टचा काटा लागला, एवढे पुरे. ती हवा थंड टाकीवर गोठते आणि गोठताना आपली सारी उष्णता टाकीच्या हवाली करते. उघड्या पत्र्यावर ही आवक चौरस मीटरला सुमारे अडतीस किलोवॉट, पापुद्र्यांचे वेष्टन असेल तर सुमारे सहा किलोवॉट असते, हे जर्मनीत लेमान व त्सान यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून सर्वमान्य आहे. दहा चौरस मीटर वेष्टित पृष्ठभाग धरला तरी दर सेकंदास वीस लिटरांहून अधिक द्रव उकळते. चकतीचे तोंड त्या महापुराच्या मापाचे काढावे लागते.

आणि माप कल्पनेवर अवलंबून असते. १९ सप्टेंबर २००८ रोजी, पहिली किरणशलाका फिरल्याला नऊच दिवस झाले असता, सर्नच्या महाप्रवेगकात दोन चुंबकांमधील विद्युत्‌जोडणीचा एक सदोष सांधा जळाला, ठिणगीच्या कमानीने हेलियमच्या आवरणाला भोक पाडले, आणि हेलियम निर्वात पोकळीत घुसले. पोकळीवर स्प्रिंगच्या सुरक्षा-झडपा होत्या, आणि त्या उघडल्याही. परंतु आराखडा करणाऱ्यांनी जेवढा ओघ संभाव्य मानला होता त्याच्या दहापटींच्या आसपास प्रत्यक्ष ओघ आला. दाब चढला आणि पस्तीस टनी चुंबक आपल्या बैठकींवरून सरकले. एकंदर सहा टन हेलियम गेले, ५३ चुंबक बाहेर काढावे लागले, आणि यंत्र पुन्हा सुरू व्हावयास २००९ चा नोव्हेंबर उजाडला. भुयारात त्या वेळी कोणी नव्हते म्हणून मनुष्यहानी टळली. त्या झडपांत एकही नादुरुस्त नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. कागदावर संकट लहान आखले गेले आणि झडपा त्या कागदाशी इमानाने वागल्या. पुढे सर्नने नव्या, पुष्कळ मोठ्या तोंडाच्या झडपा बसविल्या, आणि संभाव्य संकटाचा आकडाही बदलला.

कायदेकानूंविषयी थोडक्यात. द्रव हेलियमला संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत १९६३ हा क्रमांक आहे. विमानातून नेताना दाबमुक्तीचे साधन आणि पेटी उभीच ठेवण्याची खूण या गोष्टी सक्तीच्या आहेत. उभेपणाचा आग्रह निरर्थक नाही, कारण टाकी कलंडली तर झडपेच्या मुखाशी वाफेऐवजी द्रव येते, आणि वाफेसाठी मोजलेली वाट द्रवाने तुंबते. आपल्याकडे दाबाखालील वायूंच्या भांड्यांवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची मुख्य कचेरी नागपुरात आहे.

अलीकडे अवघे सात लिटर हेलियम कायमचे मोहोरबंद केलेले एमआरआय चुंबक बाजारात आले आहेत, आणि त्यांना हेलियम बाहेर सोडण्यासाठी छतातून काढलेली जाड नळी लागत नाही. विक्रेते यापुढे जाऊन, झडपेचा प्रश्नच संपला, असे सांगतात. मला ते मान्य नाही. सात लिटर द्रव म्हणजे पाच घनमीटरांहून अधिक वायू, आणि तो मावण्याइतकी जागा त्या मोहोरेच्या आत राखलेली असते, म्हणूनच तो चुंबक वाटेत कोमट झाला तरी फुटत नाही. तेथे वायूला बाहेर न काढता आतच ऐसपैस जागा दिली आहे, आणि त्या जागेचे माप काढतानाही पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागला आहे: शीतयंत्र बंद पडून किती काळ लोटेल, पेटी कोणत्या उन्हात उभी राहील, आणि दाब कुठवर चढेल. या प्रश्नांची उत्तरे उत्पादकाने कोणत्या आधारावर काढली, ते खरेदीच्या करारनाम्यासोबत लेखी मागून घेण्याचा शिरस्ता आपल्या रुग्णालयांनी पाडावा, अशी माझी सूचना आहे.